'मी पट्टी घालतो'

चार आसने, दोन पंख, प्रत्येक पंखात इंधनाची एक टाकी, समोर नऊ काटे आणि आसनामागच्या खिशात मी. आमच्या छोट्या विमानात एवढेच होते. मित्रांनो, मी लाकडाची जुनी मापपट्टी. मेकॅनिककाकांनी टाकीत पाच-पाच लिटर ओतून, दर वेळी मला बुडवून, ओल जिथवर चढली तिथे खूण कोरली.

विमान दातांच्या डॉक्टरांचे. सुट्टीला ते स्वतः चालवत. उडण्याआधी मला टाकीत बुडवत आणि म्हणत, "तू खोटं बोलत नाहीस." मला फार बरे वाटे.

त्यांची एक वही होती. कुठे असे विमान पडले की ते बातमी चिकटवत, शेजारी लिहीत. 'ढगात शिरला. मी शिरत नाही.' 'इंधन संपलं. मी पट्टी घालतो.' अशा एकतीस बातम्या होत्या. डॉक्टरीणबाई धास्तावल्या की वही पुढे येई.

"बघ, यातलं एक तरी मी करतो का?"

"त्या एकतीस जणांनीही अशीच वही ठेवली असेल."

"तुझ्यापुढे कुणाचं चाललंय," म्हणून ते हसत.

एकदा घाईत मला बुडवायचे राहिले. विमान सुखरूप उतरले. मग पुन्हा राहिले.

"डॉक्टर, उजव्या टाकीचा काटा अडकतो. पट्टी घालत जा," मेकॅनिककाका म्हणाले.

"अहो काका, वर्षभर काट्यावरच उडतोय. झालं का काही?"

ते वर्षभर मी खिशातच होते. वहीतली ओळ तशीच होती.

एका सकाळी दोघे लेकीकडे निघाले.

"गाडीने जाऊ या ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"रस्त्यावर रोज किती माणसं मरतात, ठाऊक आहे?"

त्या गाडीनेच गेल्या. त्या पोहोचल्या.

डॉक्टर विमानात बसले तेव्हा डाव्या टाकीचा काटा पाव टाकीवर होता, उजवीचा अर्ध्यावर. डावी टाकी संपल्यावर डॉक्टरांनी उजवी सुरू केली. थोड्याच वेळात इंजिन थांबले. त्यांचा हात मागे, माझ्या खिशापर्यंत आला आणि परत गेला. विमान नांगरलेल्या शेतात आदळले. आग लागली नाही. डॉक्टर वाचले नाहीत.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादे साधे, खरे बोलणारे माप असेल. काल काही झाले नाही म्हणून आज त्याला विचारायचे सोडू नका.

पंख शाबूत होते. तपासनीसांनी मला खिशातून काढले, पुसले, एकेका टाकीत बुडवले आणि कागदावर लिहिले.

डावी टाकी : कोरडी.
उजवी टाकी : ओल चार मिलिमीटर, पहिल्या खुणेच्याही खाली.
उजवा काटा : अर्धी टाकी.