माझं बूड म्हणे बहिरं आहे

बासष्ट वेळा मी आकाशात गेले आणि बासष्टही वेळा तो खडूस म्हातारा आयलर्ट माझ्या मागच्या सीटवर होता. दातांच्या डॉक्टरला, त्या लुडगरला, त्याने एकेचाळिसाव्या खेपेला एकट्याने सोडलं. लुडगरला! जो उतरताना ग्लायडर असं आपटतो की कुंपणापलीकडच्या गाई चरायच्या थांबतात. आणि मी, फ्राउके टाडेन, सव्वीस वर्षं बस चालवतेय, एक आरसासुद्धा कधी ठोकलेला नाही, तर मला मात्र दर रविवारी एकच उत्तर. "अजून नाही."

का? तर मी आधी घरी सिम्युलेटरवर शिकले म्हणून.

सहा वर्षं शिकले. स्वयंपाकघरामागच्या कोठीच्या खोलीत पडदा, दांडी, पायातली पेडल्स, सगळं स्वतः बसवलं. ऑफिसातून आल्यावर लोक मालिका बघतात, मी उडायचे. म्हणून ग्लायडर क्लबात पाऊल टाकलं तेव्हा उड्डाणाआधीची तपासणी मला तोंडपाठ होती. ग्लायडरला इंजिन नसतं. आमच्या मैदानाच्या दुसऱ्या टोकाची विंच किलोमीटरभर लांब दोर भराभर गुंडाळते आणि ग्लायडर पतंगासारखं वर चढतं. वर गेलं की दोर सोडायचा. तो दोर मध्येच तुटला तर काय करायचं, हे मी कोठीत शेकडो वेळा केलं होतं. लुडगरला विचारा, तो अजून अडखळतो.

पण आयलर्टचं पालुपद ठरलेलं.

"फ्राउके, बाहेर बघ."

"बघतेय."

"काट्याकडे बघतेयस. तुझं डोकं दिसतं मला मागून."

"वेग बघ ना, नव्वद! एक रेघ इकडे नाही की तिकडे नाही."

"हो, नव्वद. आणि उजवीकडून आपलंच दुसरं ग्लायडर येतंय ते कोण बघणार? तुझी आई?"

ऑक्टोबरातला शेवटचा रविवार झाला की आमचं मैदान बंद होतं. ग्लायडर शेडमध्ये जातात ते थेट वसंतात बाहेर येतात. मला त्याआधी एकटीने उडायचं होतं. आणखी एक हिवाळा कोठीत काढायची माझी तयारी नव्हती. म्हणून शेवटून दुसऱ्या रविवारी, सगळे कॉफी-केकला बसलेले असताना, मी त्याला सरळ विचारलं, "माझं नक्की काय चुकतं ते एकदा सांग."

आयलर्टने आधी ताटलीतला केक संपवला. मग म्हणाला, "विमान आधी बुडाला कळतं, मग कानाला, सगळ्यात शेवटी काट्याला. तुझं बूड बहिरं आहे. सहा वर्षं स्वयंपाकघराच्या खुर्चीवर बसून बहिरं झालंय."

लुडगरला इतकं हसू आलं की त्याला ठसका लागला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"शनिवारी पाऊस सांगितलाय," मी म्हटलं. "माझ्या घरी चहाला ये. आणि चहाआधी एकदा, फक्त एकदा, माझं विमान नीट उतरवून दाखव."

तो आला. चाळीस वर्षं उडणारा माणूस कोठीत शिरला, काकडीच्या लोणच्याच्या बरण्यांकडे बघून हसला आणि दांडी धरून बसला. पहिल्या खेपेला शेतातल्या गोठ्यात घुसला. दुसऱ्या खेपेला वळताना वेग घालवला आणि नाकावर पडला. तिसऱ्या खेपेला उतरायच्या वळणावर त्याने सवयीने मान डावीकडे वळवली. डावीकडे माझ्या बरण्या. मैदान बघायला बटण दाबावं लागतं, मी दोनदा सांगितलं होतं. तोवर विमान झाडांत.

मला इतका आनंद झाला होता! "काय रे, चाळीस वर्षांचा अनुभव कुठे ठेवून आलास? गाडीत?"

"गप्प बस जरा. मला ऐकू दे."

"काय ऐकतोस? स्पीकर आहे तो."

तो खरंच ऐकत होता. डोळे मिटून, कान पुढे करून. मग त्याने दांडी सोडली. मला वाटलं, आता चिडेल. चिडला नाही, तेच वाईट झालं.

"इथे मी ठोंब्या आहे," तो म्हणाला. "ज्याच्यावर मी उडतो ते इथे नाहीच. ना खालून धक्का, ना वाऱ्याचा आवाज बदलत. पडद्यावर जेवढं दिसतं तेवढंच. तू इथे उतरतेस कशी, मला कळत नाही. पण फ्राउके, मैदानावर सगळं असतं, आणि तरी तू इथल्यासारखीच उडतेस."

मी चहा ओतला. कपातली खडीसाखर गरम चहाने तडतडली. तो खरं बोलत होता, आणि त्यामुळे मला त्याचा आणखीच संताप आला.

दुसऱ्या दिवशी, शेवटच्या रविवारी, ग्लायडरमध्ये बसायला गेले तर माझ्या समोरचे सगळे काटे बेकरीच्या कागदी पिशवीने झाकलेले! वरून चिकटपट्टी.

"हे काय?"

"मागे माझे काटे आहेत. तुला नकोत."

"हा छळ आहे!"

"लुडगरला जमलं होतं," तो म्हणाला.

बस्स. दोर ताणला गेला, आम्ही वर गेलो, मी दोर सोडला आणि जी सुरू झाले ती थांबलेच नाही. बासष्ट खेपांचं सगळं काढलं. लुडगर काढला, केक काढला, बहिरं बूड काढलं. समोर बघायला पिशवीवरच्या पावाच्या चित्राशिवाय काही नव्हतं, म्हणून बाहेर बघत बोलत होते. नाक खाली गेलं की वारा मोठ्याने सळसळायचा, मी दांडी जरा मागे घ्यायचे. वळणात सीट मला एका बाजूला सरकवायला लागली, पाय आपोआप पेडलवर गेला. हे सगळं मला खाली उतरल्यावर आठवलं. वर मी फक्त भांडत होते.

चाकं गवताला लागली तेव्हा कळलंसुद्धा नाही. आणखी चार शब्द सुनवायला मागे वळले, तर आयलर्ट केव्हाच उतरून मागच्या रिकाम्या सीटचे पट्टे घट्ट बांधत होता.

"पिशवी काढ," तो म्हणाला. "एकटीने जाताना काटे उघडे लागतात. आणि अशीच चिडलेली राहा."

"मी चिडलेली नाहीये!"

"छान," तो म्हणाला आणि त्याने माझ्या डोक्यावरचं काचेचं झाकण लावलं.

त्याचं वजन नव्हतं, त्यामुळे ग्लायडर सुसाट चढलं. वर गेल्यावर मला भीती वाटली. खरीखुरी. सहा वर्षांत ती कोठीत एकदाही आली नव्हती. मग डाव्या पंखाखालून कोणीतरी हलकेच उचललं, वर चढणारी गरम हवा होती ती. काटा हलायच्या आधी मला कळलं. मी एकटीच मोठ्याने ओरडले, आणि मग रडले, आणि रडत रडत नीट उतरले.

आमच्याकडे पहिल्यांदा एकटं उडून आलेल्याला ओणवं उभं करतात आणि अख्खा क्लब रांगेने येऊन त्याच्या बुडावर एकेक चापट मारतो. बुडाला जाग यावी म्हणून. एक्कावन्न वर्षांची मी, पंखाला धरून ओणवी झाले. लुडगरने हात साफ करून घेतला. सगळ्यात शेवटी आयलर्ट. त्याने हात उचलला, आणि खिशात घातला.

"हिला गरज नाही," तो म्हणाला.

मी ताडकन सरळ झाले. "गरज नाही म्हणजे? सबंध उन्हाळा छळलंस मला, आणि आता माझ्या हक्काची चापटही देणार नाहीस? लुडगरला दिलीस ना? मग मार!"

मी पुन्हा ओणवी झाले. त्याने मारली, आणि काय मारली! सोमवारी सकाळच्या पाळीला बसमध्ये बसले तेव्हा जुन्या गावातल्या विटांच्या रस्त्याची एकेक वीट मला वेगवेगळी कळत होती.