ओडारकाच्या चुलीपुढची माती

मित्रांनो, मी एक जुना किरणमापक आहे. साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठा, काच तडकलेली, पाठीला चिकटपट्टी. अणुभट्टीतून सुटलेले विष डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. ते जवळ असले की मी कटकट करतो. विष जास्त, तर कटकट जास्त. तोंड दाबून बसणे मला जमत नाही.

माझा जन्म एका कारखान्यातला. अणुभट्टी फुटली त्या वसंतात मी एका जवानाच्या खिशात होतो. पहिल्या आठवड्यात माझे फार कौतुक झाले. पुढे खरे ऐकवेना, तेव्हा त्याने मला पायमोज्यात गुंडाळून फडताळात टाकले. तिथे वीस वर्षे गेली. त्याचे मला अजून वाईट वाटते. शेवटी त्याच्या भाच्याने, पनासने, मला बाहेर काढले. तो अणुभट्टीभोवतीच्या, माणसे हलवून रिकाम्या केलेल्या ओसाड टापूत लोकांना वाट दाखवतो. मला तो ‘सासूबाई’ म्हणतो.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात पितरांच्या थडग्यांवर जायला लोकांना टापूत सोडतात. त्या वर्षी रायसा आली. तिची आई ओडारका एक्याण्णव वर्षांची, शहरात चौथ्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेली. तिचे एकच मागणे होते, शवपेटीत आपल्या घरची मूठभर माती घाला. पण टापूच्या फाटकावर तपासणी असते. ज्याच्याजवळ यंत्र कटकट करील ते तिथेच ठेवावे लागते.

आम्ही गावाकडे निघालो. काय सांगू मित्रांनो! शाळेच्या छपरातून भूर्जाची झाडे वर गेली होती. चौकात रानघोडे चरत होते आणि आम्हाला पाहूनही त्यांनी मान वर केली नाही. सफरचंदाची झाडे फुलांनी पांढरी झाली होती. इतके सुंदर मी कधी पाहिले नव्हते, आणि तिथेच मी गळा फाडून ओरडत होतो. माणसे गेली तरी धरती थांबली नव्हती. मला तिची भीतीही वाटली आणि हात जोडावेसेही वाटले.

रायसाने अंगणातली माती उचलली. मी ओरडलो. नासपतीच्या झाडाखालची उचलली, विहिरीजवळची उचलली. मी ओरडतच राहिलो.

“टाका ती, मावशी,” पनास म्हणाला. “आजीच्या उशाशी हे कशाला?”

“तिला कुठं कळणार आहे?”

“सासूबाईंना कळतंय ना.”

रायसा उंबऱ्यावर बसली आणि रडू लागली. मला माझ्या जिभेची लाज वाटली.

मग डोळे पुसून ती म्हणाली, आलेच आहे तर घर आतून बघून जाते. छप्पर एका बाजूला वाकले होते, पण चुलीवरचे शाबूत होते. खाली चोपलेल्या मातीची जमीन होती. पाऊलभर आत गेलो तशी माझी कटकट विरळ झाली. चुलीपाशी तर ती जवळजवळ थांबली. पनासने गुडघे टेकले, वरची धूळ बाजूला सारली, खुरप्याने खालची माती काढली आणि अंगणापासून दूर, पावसाने धुतलेल्या डांबरी रस्त्यावर आणून मला तिच्याजवळ धरले. एक ठोका, मग बराच वेळ काही नाही. जगात कुठेही असते तेवढेच.

“विष आभाळातून पडलं होतं, मावशी,” तो म्हणाला. “छपरानं ते वरच झेललं.”

“दर शनिवारी आई इथंच सारवायची,” रायसा म्हणाली. तिने ती माती रुमालात बांधली. गप्प राहण्यात इतका आनंद असतो हे मला तोवर ठाऊक नव्हते.

फाटकावर मिकिता नावाचा पहारेकरी होता, वयाने साठीकडे झुकलेला. त्याने आपले मोठे यंत्र रुमालावरून फिरवले. ते गप्प. विश्वास बसेना म्हणून त्याने मलाही फिरवले. माती कुठली, म्हणून त्याने विचारले. चुलीपुढची, घरातली, रायसाने सांगितले. त्याने गाठ पुन्हा घट्ट बांधली, रुमाल दोन्ही हातांनी तिला परत दिला आणि पनासला बाजूला नेले.

“आमच्या आईचं घर पलीकडच्याच गावात आहे,” तो हळूच म्हणाला. “छप्पर उभंय की पडलंय, बघायची हिंमतच झाली नाही. उद्या येशील का हे यंत्र घेऊन?”

मित्रांनो, माझे एक बटण अडकते आणि सेल फार दिवस टिकत नाहीत. तरी मला मोडीत काढू नका. दर हिवाळ्यात बर्फाच्या भाराने इथली चार-दोन छपरे खाली येतात. ती पडण्याआधी मला त्या चुलींपर्यंत पोहोचायचे आहे.