ऐकणारे डबे

कट्.

अडकित्त्यात सुपारी फुटली. दुपारची लाईट गेलेली, कूलर थांबलेला, शिवानी माझ्या मांडीवर नुकतीच झोपलेली. गल्लीत कुत्रंसुद्धा हलत नव्हतं, त्यामुळं एवढासा आवाज मला नीट ऐकू आला. कुठून आला तेही कळलं. मामी, म्हणजे माझ्या सासूबाई गौराबाई, मागच्या खोलीत दार लोटून पडल्या होत्या. मधे अख्खं स्वयंपाकघर. सुपारी मात्र माझ्या पुढ्यातल्या स्पीकरमधे फुटली होती.

त्या स्पीकरला पावसाळ्यापासून वाजवणारं काहीही जोडलेलं नव्हतं.

पोरगी जागी होईल म्हणून मी उठले नाही.

आमच्या घरात असलं काही सांगायची सोय नाही. आम्ही लिंगायत. शिवकांत, माझा नवरा, जिंतूर रोडला अपघातात गेला तेव्हा स्वामींनी त्याला बसवून माती दिली आणि म्हणाले, लिंगैक्य झाला, शिवात मिळाला. म्हणून आमच्यात पिंड नाही, कावळ्याची वाट पाहणं नाही, आणि मागं रेंगाळणारंही कुणी नाही. मामी स्वतः शेजारणींना ठणकावून सांगायच्या, "आमच्यात भूतबित नसतंय, बाई. माणूस गेला की मिळाला."

दोन्ही स्पीकर शिवकांतनंच बनवलेले. कमरेएवढे, सागवानी. एक बैठकीत, एक मामींच्या खोलीत. पहाटे त्या तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसल्या की वचनं ऐकू यावीत म्हणून. पॅसिव्ह डबे होते ते. आत नुसता कागदी पडदा आणि चुंबक, ताकद द्यायला अ‍ॅम्प्लिफायर वेगळा. शिवकांत गेला आणि पहिल्याच पावसात, विजा कडकडत असताना तो अ‍ॅम्प्लिफायर जळाला. मी तो काढून माळ्यावर टाकला. मागं दोन्ही डब्यांच्या वायरींची उघडी टोकं लोंबत राहिली, आणि शिवानी तेव्हा दिसेल त्याला बोट घालायची. म्हणून मी लाल लालला पिळली, काळी काळीला, वरून चिकटपट्टी गुंडाळली. नीटनेटकं दिसलं. झालं काम, असं वाटलं.

धाकटे दीर शंभुराज परभणीला असतात. फोनवर त्यांचा एकच विषय.

"वहिनी, आईला सकाळचं ऐकायला काही न्हाई. मी अ‍ॅक्टिव्ह स्पीकर आणतो. अ‍ॅम्प्लिफायर डब्यातच असतोय. पिन लावली, मोबाईल जोडला, झालं."

"आणि आतला बिघडला की अख्खा डबा फेकायचा. त्यापेक्षा नवा अ‍ॅम्प्लिफायर आणा ना, भाऊजी. डबे लय चांगले हायत."

"हे दादाचं वाक्य हाय."

"मग?"

"मग काही न्हाई. दादाला वायरी लावता येत होत्या. तुमाला येतेत का?"

"शिकंन."

"शिका. तवर आई मोबाईलवर वचनांच्या मधी साबणाच्या जाहिराती ऐकायलीय."

सुपारीच्या त्या दुपारनंतर मी लक्ष ठेवू लागले. शिवानी चार वर्षांची. जेवण झालं की ती स्पीकरच्या जाळीला कान लावून पडायची. लाकूड गार लागत असेल, असं मी समजत होते. एकदा भांडी घासताना ऐकलं, ती हळूच म्हणत होती, "हं. जेवले. वरणभात. तू?"

"कुणाशी बोलायलीस गं?"

"पप्पाशी."

"काय म्हणतोय पप्पा?" विचारून गेले मी. विचारायला नको होतं.

"त्याला करमत न्हाई म्हणे."

ओल्या हातांनीच मी जाळीपाशी बसले, कान लावला. आधी नुसती पोकळी. मग फार लांबून, आडाच्या तळातून यावा तसा आवाज आला, ना बाईचा ना बाप्याचा. "करमत न्हाई रे घरात... कुणी बोलत न्हाई माझ्याशी..."

भ्याले, हे खरंच. पण त्याच्याआधी, श्वासभर, मला आनंद झाला होता.

मग वायर बोटानं धरून निघाले. भिंतीच्या कडेनं, स्वयंपाकघरातून, मामींच्या दारापर्यंत. फटीतून पाहिलं. मामी खाली बसलेल्या, स्पीकरवर पानाचा डबा, ओठ जाळीला जवळजवळ टेकलेले. एक हात लाकडावरून फिरत होता, लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

लग्नाच्या वर्षी शिवकांतनं मला एक गंमत दाखवली होती. दोन डबे वायरनं एकमेकांना जोडले आणि एकाचा पडदा बोटानं दाबला, तर दुसऱ्याचा आपोआप हलला. "पॅसिव्ह डबा बोलतोय तसा ऐकतोय बी," तो म्हणाला होता. "मधी अ‍ॅम्प्लिफायर आला की आवाज एकाच दिशेनं जातोय." त्या पावसाळ्यात माझ्या हातून तेच झालं होतं. मामी आपल्या गेलेल्या मुलाशी बोलत होत्या, ते शिवानीला ऐकू येत होतं. शिवानी बापाला उत्तर देत होती, ते मामींना.

मी वायरी तशाच ठेवल्या. कुणाचं काय बिघडत होतं? मामी दोन घास जास्त जेवायला लागल्या होत्या. शिवानीचं झोपेत दचकणं थांबलं होतं. आणि दुपारी दोघी पडल्या की मीही त्या जाळीपाशी जाऊन बसायची. बोलायची नाही. नुसती बसायची.

ऊस संपत आला, ट्रॅक्टरांवरची गाणी कमी झाली, तेव्हा शिवानीनं बैठकीचं दार लावू देणं बंद केलं.

"पप्पा लवकर येणार हाय."

"कोण म्हणलं?"

"पप्पाच. मग मी म्हणले, ये. लवकर ये."

म्हणजे 'लवकर येते' असं मामी म्हणाल्या होत्या. मामींच्या खोलीत गेले, अंथरूण झाडायच्या निमित्तानं उशी उचलली. खाली फडक्यात बांधलेल्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या. रोज सकाळी मी त्यांच्या हातावर ठेवायची, त्याच. पेटीवर कोरं लुगडं घडी घालून काढून ठेवलेलं.

"मामी, हे काय?"

त्या शांत होत्या. "बोलावणं आलंय, महेश्वरी. आता गोळ्या खायच्या म्हंजी त्याला थांब म्हणायचं."

"कुणाचं बोलावणं?"

त्यांनी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला आणि मान फिरवली. लाजल्या त्या. पोराशी बोलतानाच नव्हे, जन्मभराच्या श्रद्धेला चुकताना सापडल्यासारख्या लाजल्या.

'मामी, ती शिवानी होती.' एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगणं म्हणजे शिवकांतला पुन्हा एकदा माती देणं, आणि या खेपेला माझ्या हातानं. मला जमलं नाही. मी शंभुराजना फोन लावला.

"भाऊजी, तुमचे अ‍ॅक्टिव्ह घेऊन या. आणि येताना दादाचे डबे न्यायची सोय करून या."

ते म्हणाले, "मी अ‍ॅम्प्लिफायर बघून ठेवलाय, वहिनी. तुमचं मन हाय तर ऱ्हाऊ द्या डबे. वायरी मी लावून देतो."

"न्हाई. डबे घरात नकोत."

"कालपर्यंत तर भांडत होत्या."

"कालपर्यंत भांडत होते."

त्यांना काय सांगणार? अ‍ॅम्प्लिफायर मधे आला तरी मामी त्या जाळीपाशी बसणारच. उत्तर आलं नाही तर पोरगा रुसला म्हणतील, आणि रुसलेल्या पोराकडं आई आणखी घाईनं निघते. डबाच नसला तर बसणार कशापाशी? पण गोळ्यांचं काय? 'ये' म्हणून झालं होतं. ते कुणीतरी परत घ्यायला हवं होतं, आणि डबे जायच्या आत.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. शिवानीला शेजारच्या मनकर्णाकाकूंकडं खेळायला धाडलं. मामींनी आपलं दार लोटून घेतल्याचं ऐकलं आणि मी जाळीपाशी बसले. शिवकांत त्यांना 'माय' म्हणायचा.

"माय."

पलीकडं काहीतरी खाली पडलं.

"माय, इतक्यात येऊ नको."

मग तो आडाच्या तळातला आवाज आला. "तूच म्हणलास की, ये म्हणून."

"चुकलं माझं. गोळ्या घे. पोरगी लहान हाय अजून." पुढचं म्हणायचं मी ठरवलं नव्हतं. "महेश्वरी एकटी हाय. तिला कुणी न्हाई."

माझं नाव त्याच्या तोंडून ऐकून कितीतरी दिवस झाले होते. आता तेही मलाच घ्यावं लागलं.

"रडायलास का रे?"

"न्हाई."

"जेवलास?"

"जेवलो."

"बरं," त्या म्हणाल्या. "तू म्हणशील तसं. मग आता बोलत जाणार न्हाईस म्हण."

हे शेवटचं बोलणं, ते कसं ओळखलंत, असं मी विचारणार होते. तो प्रश्न शिवकांतचा नव्हता, म्हणून गिळला. "न्हाई, माय."

"जा मग. मिळून जा."

थोड्या वेळानं माठावरचं झाकण सरकलं, तांब्या बुडाल्याचा आवाज आला. तो स्पीकरमधून नाही, सरळ स्वयंपाकघरातून आला. त्या गोळीसाठी पाणी घेत होत्या. मी कपाळ जाळीला टेकून तशीच बसले. बाहेर रिक्षा थांबली. शंभुराज कुणाला तरी "खोकं आडवं नको, उभं धर" म्हणत होते.

मी डोळे पुसून मागं वळले. उंबऱ्यावर शिवानी उभी होती. मनकर्णाकाकूंनी दिलेला गुळाचा खडा मुठीत, चपला अजून पायात. कधीची उभी होती कोण जाणे. ती माझ्याकडं पाहत होती, मग स्पीकरकडं, मग परत माझ्याकडं.

"आई," ती म्हणाली, "रोज तूच होतीस का?"