अर्धा मग थिनर

बॉयलरवर मी तीस वर्षं काढली आणि तेवढ्या काळात फक्त दोनदा खोटं बोललो. त्या दोनांत ही गोष्ट येत नाही.

आमच्या रंगाच्या कारखान्यामागे एक टाकी होती. पिंपं धुतलेलं थिनरचं पाणी तिच्यात यायचं आणि आतले जिवाणू थिनर खाऊन पाणी स्वच्छ करायचे. त्यांना सांभाळायची टाकीमावशी. रोज सकाळी मोठा व्हॉल्व्ह उघडण्याआधी टवके उडालेल्या एका मगाने ती अर्धा मग थिनर टाकीत ओतायची आणि तासभर थांबायची. तो मग तिने जन्मात धुतला नव्हता. तळाशी टाकीतलाच बोटभर गाळ होता.

"पोरांना आधी खबर द्यावी लागते," ती म्हणायची.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी मला यातली गोम समजावली होती. जिवाणूचं कातडं चरबीच्या साखळ्यांचं. काही साखळ्या वाकड्या असतात, म्हणून मधे फटी राहतात. थिनरचा वास लागला की जिवाणू त्या सरळ करतो, त्या एकमेकींना खेटून बसतात आणि कातडं घट्ट होतं. तरीही जे आत घुसेल ते तो पंपाने बाहेर फेकतो. मात्र या तयारीला थोडा वेळ लागतो. आमचे तर इतके निबर झाले होते की एकदा माझा पाना टाकीत पडला, तो उसळी मारून परत हातात आला.

मग मालकांचे जावई कारखाना बघू लागले. तोंडावर साहेब, पाठीमागे जावईबापू. मावशी तेवढी तोंडावरही जावईबापूच म्हणायची. सहकाऱ्यांशी प्रेमाने कसं वागावं याचा त्यांनी कोर्स केला होता. पहिल्याच फेरीत त्यांना मावशी थिनर ओतताना दिसली.

"विष काढायला ठेवलंय तुम्हाला, आणि तुम्ही विष ओतता?"

"सवय राहते त्यांना, जावईबापू."

"मावशी, जिवाणू आपले सहकारी आहेत. सहकाऱ्यांना असं वागवतात का?"

मावशीचा मग जप्त झाला. पुरावा म्हणून तो साहेबांच्या टेबलावर गेला आणि त्यात त्यांची मार्कर पेनं उभी राहिली. मोरी लांब होती, म्हणून उरलेला चहाही ते त्यातच ओतायचे.

पंधरा दिवसांवर तपासणी आली होती. टाकी चकचकीत दिसावी म्हणून घाण पाणी दुसऱ्या टाकीत अडवलं आणि जिवाणूंना रोज साखरेचं पाणी सुरू झालं. 'कृपया शांतता राखा' अशी पाटीही लागली.

"लाडावतील हो," मावशी म्हणाली. "कातडं सैल पडेल."

"पडू दे. मोकळेपणाने काम करतील."

तपासनीस आला. बारीक, अबोल माणूस. म्हणाला, "चालवून दाखवा."

"आधी अर्धा मग," मावशी पुटपुटली. तोवर जावईबापूंनी स्वतःच्या हाताने व्हॉल्व्ह पुरता फिरवून अडवलेलं सगळं पाणी आत सोडलं होतं.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत फेस त्यांच्या गाडीच्या चाकांपर्यंत पोचला. सहकारी जागच्या जागी खलास. तपासनीसाने नमुन्याच्या बाटलीला बूच लावलं. "तीन दिवसांनी येतो. पाणी असंच राहिलं तर टाळं."

जावईबापूंनी लगेच कागद काढला: दोष टाकी सांभाळणारीचा, तिसऱ्या दिवशी तिला काढणार. मावशीच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. कागद वाचून ती सरळ त्यांच्या खोलीत गेली. मी दारातच होतो.

"माझा मग द्या."

"तो पुरावा आहे."

"मग जरा हुंगून बघा, पुरावा ताजा आहे का."

त्यांनी हुंगला, डोळ्यांत पाणी आलं आणि हात लांब करून मग दिला. मार्कर गळत होते, त्यांची शाई थिनरच्याच भाऊबंदांतली. चहाने गाळ ओला राहिला होता. प्रयोगशाळेतल्या बाईंनी थेंबभर गाळ भिंगाखाली धरला आणि हसल्या. आतली मंडळी खळ केलेल्या कॉलरसारखी ताठ होती.

मावशीने गाळ बादलीत घेतला, वर चमचाभर थिनर. संध्याकाळी वाटीभर. दुसऱ्या दिवशी बादलीची पिंपं झाली, तिसऱ्या सकाळी पिंपं टाकीत गेली. तपासनीस आला तेव्हा पाणी असं नितळ होतं की त्याने त्यात बघून भांग नीट केला.

"ही पैदास वाढवली कुठे?"

मावशी तोंड उघडणार, तोच जावईबापू म्हणाले, "माझ्या टेबलावर."

कागद फाडला गेला, तिचा मग तिच्याकडेच राहिला, टाकी पुन्हा मावशीच्या ताब्यात आली. पण तिच्या मनात आलं, या जावयालाही थोडी सवय हवी. त्या दिवसापासून टाकीचं आटोपलं की ती त्यांच्या खोलीत जाऊन कालची एक चूक सांगायची. एकच, जास्त नाही. पहिल्या आठवड्यात ते लालबुंद व्हायचे, डबा तसाच परत जायचा. महिन्याभराने हसत ऐकायला लागले. पुढे सासऱ्यांनी तासभर झापलं, तर बाहेर येऊन शीळ घालत गाडीत बसले.

निवृत्तीच्या दिवशी मावशीने मग माझ्या हाती दिला.

"टाकीचं जमलं रे," ती म्हणाली. "यांचं माप चुकलं. आता आत काही शिरतच नाही, आणि शिरलंच तर हे लगेच बाहेर फेकतात."

जावईबापू सध्या तीन कारखाने बघतात.