कापसावरचा निळा रंग

"आई, तू विकतेस ते फिरोजाचे निळे खडे खरे आहेत का?" हे घरी विचारून दाखव, असं मैत्रिणींनी मला चॅलेंजच दिलं होतं. खराडीतल्या आमच्या सोसायटीच्या प्रदर्शनात उद्या आईचा चांदीच्या दागिन्यांचा स्टॉल. मी म्हटलं, त्यात काय, विचारते की!

"खरे म्हणजे काय! खात्रीच्या माणसाकडून घेते मी," आई फणकारली.

मग मी आणखी शहाणपणा केला. नेलपेंटच्या रिमूव्हरमध्ये कापूस बुडवला आणि एका अंगठीच्या खड्यावर घासला. कापूस निळा झाला! घासलं तिथे खडा चक्क पांढरा पडला. दुसरी अंगठी घेतली, मग कानातले घेतले. सगळ्यांचं तेच.

आई मटकन खाली बसली. "अगं, गेल्या वर्षी मी शपथेवर विकलेत हे!"

"प्रदर्शनात रिमूव्हर घेऊन कोण येतंय?" बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

आणि आई त्याच अंगठ्या पुन्हा स्टॉलच्या डब्यात भरू लागली. मला खरा धक्का बसला तो तेव्हा.

"उद्या स्टॉलवर मी बसणार," मी दोघांना सांगून टाकलं. "चांदी खरी, खडा रंगवलेला, असं प्रत्येकीला सांगूनच विकणार."