तुळसाने दिलेला होकार

मिठबावात आंब्याची पहिली पेटी भरण्याआधी बाग राखणाऱ्या देवचाराला नारळ देतात. एकाने गाऱ्हाणं घालायचं, सोबतच्याने प्रत्येक मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. होकार देणारं माणूस नसेल तर मागणं पोचत नाही.

यंदा दोघी जावाच गेल्या, थोरली किशोरी आणि धाकटी तुळसा. दुपारचे बारा वाजले होते. किशोरी हलक्या आवाजात भराभर बोलत होती. तुळसा समुद्राकडे बघत होती. तिथे ऊन कुठलं आणि पाणी कुठलं ते कळत नव्हतं. ती दहा वेळा ‘व्हय म्हाराजा’ म्हणाली. ऐकलं मात्र काहीच नाही.

तुळसाला चार वर्षांची मुलगी होती, भक्ती. किशोरीच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं.

तिसऱ्या दिवसापासून भक्ती किशोरीच्या कुशीत झोपू लागली. आठवड्याने ती किशोरीला ‘आई’ आणि तुळसाला ‘काकी’ म्हणाली.

तुळसाचा नवरा अनिश हसला. “तुजी आमटी खाऊन मी पण थंयच ऱ्हवाक जाईन.”

पुढच्या आठवड्यात तुळसाने मोबाईलवर जुने फोटो उघडले. हॉस्पिटलच्या खाटेवर बाळाला घेऊन किशोरी बसली होती. मागे थर्मास धरून तुळसा उभी होती.

“मगे?” अनिश म्हणाला. “वयनी बाळंत झाली तेवा तूच नाय होतंस तिच्याकडे?” आता तो हसत नव्हता.

न्हाणीत जाऊन तिने पोटावरून हात फिरवला. सिझेरियनचा व्रण नव्हता. कातडी गुळगुळीत, ओळख नसल्यासारखी.

किशोरी मागीलदारी कोकमासाठी रातांबे फोडत होती. कोपरापर्यंत हात लाल झाले होते.

“वयनी, काय मागलंस तू थंय?”

“तू व्हय म्हटलंस ता.”

“माका वाटला नेहमीचाच. आंबो, पाऊस, घरची माणसा.”

“माणूसच मागलंय. एकच.”

“परत दी माका.”

किशोरीने सुरी खाली ठेवली. “मी चोर नाय गो. उद्या तू गाऱ्हाणा घाल, मी व्हय म्हणतंय. पण नीट सांग. कोण होया, ता नाव घेऊन सांग.”

संध्याकाळभर तुळसा एकच वाक्य घोकत राहिली: माझी भक्ती मला परत दे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघी बागेत गेल्या. भक्तीने किशोरीचं बोट धरलं होतं. तुळसाने नारळ ठेवला, हात जोडले. मोहोराचा उरलासुरला वास येत होता. कलमांच्या सावल्या पाण्यातल्यासारख्या हलत होत्या. आपण काहीतरी मागायला आलो आहोत, लहान मुलाविषयी आहे, एवढं तिला आठवत होतं. तिने वळून पाहिलं. किती गोड पोर. हनुवटी तर थेट किशोरीची. तिच्या छातीत कळ उठली. ही कळ चौदा वर्षं आपल्याजवळच आहे, असं तिला वाटलं.

“म्हाराजा,” ती म्हणाली, “वयनीच्या पोरीसारखा एक चेडू माका पण दी.”

“व्हय म्हाराजा,” किशोरी लगेच म्हणाली आणि तिने भक्तीला कडेवर घेतलं.