जावयाचा श्वास

“मीटर अकराशे दाखवतोय, मावशी! आता गुलाबांना काय मांडीवर घेऊन भरवू?” मालकांचे जावई खुर्चीतून न उठता म्हणाले. “खोट तुमच्या कापण्यात आहे. शनिवारपर्यंत हातभर देठ दिसले नाहीत, तर घरी बसा.”

जणू देठ रबराचेच होते. बावीस वर्षं मावशी या हरितगृहात फुलं कापत होत्या; इतके मरतुकडे देठ त्यांनी कधी पाहिले नव्हते.

जावयांचं ज्ञान एका माहितीपत्रकाएवढं, तेही एकाच बाजूनं वाचलेलं. झाडं कार्बन डायऑक्साइड घेऊन उजेडात अन्न तयार करतात, तो वाढवला की फुलं जोमदार येतात, एवढं पाठ होतं. थंडीमुळे खिडक्या बंद, म्हणून वायूचं सिलिंडर आणलं. हवेतला हा वायू मोजणारा मीटर नऊशेच्या खाली उतरला की सिलिंडरची झडप आपोआप उघडणार होती. पण महागडा मीटर दमट हवेत बिघडेल, म्हणून जावईसाहेबांनी तो हरितगृहातल्या आपल्या काचबंद केबिनमध्ये, स्वतःच्या डोक्यावर टांगला.

शनिवारी मालक आले.

“दादा, सिलिंडरचा काटा बघा,” मावशी म्हणाल्या. “महिनाभर जागचा हललेला नाही.”

“म्हणजे मीटर खोटं बोलतो?” जावई हसले.

“मीटर खरंच बोलतो. तुम्ही दिवसभर या खोक्यात फोनवर बोलत बसता, तो तुमचा श्वास मोजतो. झाडं तिकडे उपाशी. जरा बाहेर या आणि दार उघडं ठेवा.”

तिघं केबिनबाहेर काचेतून मीटर बघत थांबले. अकराशे. नऊशे साठ. आठशे नव्वद, आणि झडप खट्‌कन उघडली. तरी आकडा घसरतच राहिला, पार तीनशेपर्यंत. मोकळ्या हवेतही याहून जास्त असतो. झाडांनी कोंडलेली हवा चाटूनपुसून संपवली होती.

रांगांमधून कुणीतरी फिस्सकन हसलं, मग फुलं कापणारे सगळेच हसले.

जावयांनी फोन कानाला लावला. “हां, सेटिंगमध्ये घोळ होता. काढला मी शोधून.”

मालक मावशींना बाजूला घेऊन म्हणाले, “तुमचं बरोबर आहे हो. पण सगळे हसले ना... माझी मुलगी दिलीय त्यांना. तुम्ही उद्यापासून येऊ नका.”

“बरं,” मावशी म्हणाल्या.

सातव्या रांगेतल्या अर्ध्या कळ्या कापायच्या राहिल्या होत्या. उद्यापर्यंत त्या उमलून वाया गेल्या असत्या. मावशी त्या रांगेत शिरल्या. देठ जेमतेम वीतभर होते. तरी प्रत्येकाला नीट तिरपा काप देत त्या शेवटच्या झाडापर्यंत गेल्या.